अकरावीला चार एपी: सही करू की नको?

पावशेर_चहा

आम्ही न्यू जर्सीत. लेक सप्टेंबरात अकरावीत जाईल. चार एपी घेतेय: यूएस हिस्टरी, कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स १ आणि इंग्लिश लँग्वेज. (भारतातल्या मंडळींसाठी: एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकवतात, मेमध्ये कॉलेज बोर्डाची परीक्षा, १ ते ५ गुण. ३ किंवा जास्त मिळाले तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात.)

काल शाळेतून दोन पानी कागद आला. खाली मुलीची सही, पालकांची सही. प्रत्येक एपीला रोज एक तास घरी अभ्यास. सुट्टीतला गृहपाठ पहिल्याच दिवशी जमा, नाहीतर शून्य. उशिरा दिलेलं काम घेणार नाही. सप्टेंबर संपल्यावर विषय सोडता येणार नाही. मेची परीक्षा द्यायलाच हवी आणि फी, म्हणजे विषयामागे शंभरेक डॉलर, आपण भरायची.

ट्रॅकच्या सरावाहून ती साडेपाचला घरी येते. सकाळी सात वीसची बस. अंघोळ, जेवण, चार एपी, वर बाकीचे विषय. कसाही हिशेब करा, रात्रीचे साडेअकरा वाजतातच. नवरा म्हणतो, "आपण बारावीला काय झोपा काढल्या का?" मला हे सोळा वर्षांच्या पोरीवर जास्त होतंय असं वाटतं. तुमचं काय मत?

खडूचा_डाग

टेक्सासमध्ये पब्लिक स्कूलला, म्हणजे सरकारी शाळेत, एपी केमिस्ट्री शिकवते. असाच कागद मीही पाठवते, त्यामुळे शिव्या खायला हजर आहे.

सुट्टीतल्या गृहपाठाचं कारण कोणी सांगत नाही, ते सांगते. परीक्षा देशभर एकाच वेळी, मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत. आमची शाळा ऑगस्टच्या मध्यावर उघडते, तुमची लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर. म्हणजे तुमचे तीन आठवडे आधीच गेले, त्यात बर्फाच्या सुट्ट्या. ते तीन आठवडे तुमच्या शिक्षकांनी मुलांच्या उन्हाळ्यातून काढलेत. मग मेनंतर जूनच्या शेवटापर्यंत त्याच वर्गात पोरं सिनेमे बघत बसतात, ही वेगळी गंमत.

उशिराच्या कामाबद्दल: टायट्रेशनचे रिपोर्ट तपासून, उत्तरं सांगून परत दिल्यावर चार दिवसांनी एखादा रिपोर्ट हातात ठेवतो. त्याला गुण कशाचे देऊ?

एक चूक मात्र आमच्या पदरात घाला. "रोज एक तास" हे आम्ही प्रत्येक जण आपापल्या विषयापुरतं लिहितो. चौघांनी लिहिलं की चार तास होतात, ही बेरीज स्टाफरूममध्ये कोणी करत नाही.

आणि परीक्षा सक्तीची हा नियम शाळेचा. कॉलेज बोर्ड नुसता वर्ग करायला आडकाठी करत नाही.

फ्रीमाँटचा_बाप

चार म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही. आमच्या इथे पोरं पाच घेतात आणि वर व्हायोलिन वाजवतात. ताई, कॉलेजच्या अर्जासोबत शाळेचा काउन्सेलर (विषयनिवड, प्रवेश बघणारा) एक फॉर्म भरतो. त्यात विचारलेलं असतं की शाळेत जे उपलब्ध होतं त्याच्या तुलनेत या मुलाने किती अवघड विषय घेतले. "सर्वांत अवघड" या चौकटीत खूण हवी असेल तर रडून चालत नाही. शिवाय एपीतल्या ए ग्रेडला चारऐवजी पाच पॉइंट. तुमच्या मुलीची स्पर्धा माझ्या मुलाशी आहे, आणि तो आत्ता, जुलैत, कॅल्क्युलस करतोय.

उकडीचा_मोदक

@फ्रीमाँटचा_बाप, कॅलिफोर्नियात राहता म्हणून विचारतो, यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, नियम वाचलाय ना? जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना जादा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, म्हणजे वर्षभराच्या चार विषयांना. तेही दहावी-अकरावीचेच. मुलाने नऊ एपी केले तरी त्या हिशेबात चारच धरणार. बाकीचे पाच तुमच्या समाधानासाठी.

क्रेडिटचंही तेच. कॅलटेक एपीचं क्रेडिट देत नाही. एमआयटी बायो आणि केमिस्ट्रीचं देत नाही. ज्या नावांसाठी पोरांची झोप उडवता, तिथेच हा माल कमी खपतो.

फ्रीमाँटचा_बाप

क्रेडिट नको, प्रवेश हवा. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

उकडीचा_मोदक

मग मुलाला तसं सांगा. त्याला वाटतंय तो कॅल्क्युलस शिकतोय.

जुनी_सायकल

मी इथेच शाळा शिकले, सात एपी केले. मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.

मोदककाका, तुमचं अर्धंच बरोबर. मी राज्याच्या युनिव्हर्सिटीत गेले. तिथे सातपैकी पाच विषय धरले आणि एक सेमिस्टर वाचलं. त्या पैशांत आलेली सेकंडहँड कोरोला अजून चालवते. आई-बाबांचे कष्ट होते, माझ्यासाठी हे छोटं नव्हतं.

पण खरा उपयोग हिस्टरीचा झाला. त्यात एक प्रश्न असतो: सात कागद देतात, एखादं पत्र, भाषण, व्यंगचित्र. एका तासात ते वाचून स्वतःचं म्हणणं मांडायचं. पहिल्या वेळी मी सातही कागदांचा सारांश लिहिला. सरांनी समासात फक्त लिहिलं, "आणि तू?" मी चिडून रडले होते. आज ऑफिसात रोज तेच काम करते.

फिजिक्समध्ये मला २ मिळाले. तो विषय मी घेतला कारण शेजारच्या मुलाने घेतला होता.

खडूचा_डाग

@जुनी_सायकल, मराठी अजिबात कच्चं नाही.

पावशेर, एक विचारते. या चारातला कुठला विषय तिने मागितला आणि कुठला घरात ठरला?

पावशेर_चहा

काल रात्री विचारलं. हिस्टरी आणि इंग्लिश तिचे. कॅल्क्युलस "चालेल". फिजिक्स बाबांचं. बाबा समोरच बसले होते, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बारावीच्या तुलनेवर मी त्यांना एवढंच म्हटलं, की तुमचं ताट सासूबाई अभ्यासाच्या टेबलावर आणून द्यायच्या आणि तुम्हाला ट्रॅकची प्रॅक्टिस नव्हती.

काउन्सेलरला मेल टाकलीय: एपी फिजिक्सऐवजी ऑनर्स फिजिक्स, म्हणजे एपीच्या एक पायरी खालचं. तीन एपी राहतील. खडूताई, रोज एक तास तीनदा हेही थोडं नाही, पण दहा-साडेदहाला दिवा बंद होईल. उशिराच्या कामाचं तुमचं म्हणणं पटलं, ते कलम मी खोडणार नाही.

फ्रीमाँटचा_बाप

फिजिक्स सोडून इंजिनिअरिंगला कशी जाणार?

पावशेर_चहा

तिला इंजिनिअरिंगला जायचंच नाहीये. हे मलाही कालच कळलं.

कॅल्क्युलसच्या सुट्टीतल्या गृहपाठाची चाळीस गणितं फ्रीजवर लावलीत. आजवर सहा झालीत.