पी१६ तर ब्रेक आहे ना? मग कॅन्सरच्या स्लाइडवर तोच एवढा जास्त कसा?

मायक्रोवाली
एमएस्सी मायक्रोचं दुसरं वर्ष, सध्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये इंटर्नशिप चालूये. काल सरांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची स्लाइड दाखवली, अख्खी तपकिरी, म्हणाले हा तपकिरी रंग म्हणजे पी१६ प्रोटीन, असा दिसला की मागे एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) आहे असं धरून चालायचं. आता आम्हाला शिकवलंय की पी१६ हा ट्यूमर सप्रेसर, म्हणजे पेशीचं विभाजन थांबवणारा. आणि इथे विभाजन बेफाम चालू आणि पी१६ पण ओसंडून वाहतोय?? परत विचारायची हिंमत झाली नाही, पुस्तकात बघितलं तर एकच ओळ, 'विषाणू यजमान पेशीचं जीन एक्स्प्रेशन बदलतो', म्हणजे कुठलं जीन किती चालू ते. अहो पण कसं? जेमतेम आठ जीन्सचा व्हायरस वीस हजार जीन्सच्या पेशीला नाचवतो कसा, कोणी नीट सांगेल का

स्लाइडकाका
प्रश्न एकदम बरोबर पकडलायस. गाडीचं उदाहरण घे. पी१६ म्हणजे ब्रेकचं पायडल आणि आरबी प्रोटीन म्हणजे लायनर. आरबी एरवी ई२एफ नावाच्या प्रोटीनला धरून बसलेलं असतं, ते सुटलं की डीएनएची कॉपी काढायला लागणारी सगळी जीन्स धडाधड चालू होतात. एचपीव्हीचं ई७ प्रोटीन जाऊन थेट आरबीलाच चिकटतं आणि त्याची वासलात लावतं. म्हणजे लायनरच काढून नेला. मग पायडल कितीही दाब, गाडी थांबतच नाही, आणि थांबत नाही म्हणून पेशी अजून जोरात दाबत राहते, तीच तुझी तपकिरी स्लाइड. शिवाय पी१६चं जीन एरवी हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सवरच्या) मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांनी गप्प ठेवलेलं असतं, ई७मुळे केडीएम६बी हे एन्झाइम वाढतं आणि ते त्या खुणा पुसून टाकतं.

आठ जीन्स पुरतात कारण व्हायरस वीस हजार बटणं दाबत बसत नाही, मेन स्विचवर हात टाकतो. एक आरबी, दुसरा मेन स्विच पी५३, हाही ट्यूमर सप्रेसरच. ई६ प्रोटीन पेशीचंच एक एन्झाइम हाताशी धरून पी५३वर 'कचरा' असं लेबल लावतं, की पेशीच त्याचा चुरा करते. गंमत म्हणजे पी५३चं जीन बहुतेक वेळा धडधाकट असतं, प्रोटीनच टिकत नाही, त्यामुळे पी५३च्या हुकमावर चालणारी जीन्स आपोआप थंड. वर ई६ टेलोमरेजचं (क्रोमोसोमची टोकं झिजू न देणाऱ्या एन्झाइमचं) जीनही चालू करून ठेवतं.

चहाबिस्कीट
मी तर समजत होतो की व्हायरस आपल्या डीएनएत घुसतो, एखादं जीन फोडतो आणि झाला कॅन्सर. पण त्याला कॅन्सर करून मिळतं काय, पेशंट मेला तर तोही मेला की

जीनगप्पा
@चहाबिस्कीट काहीच मिळत नाही, तो अपघात आहे. त्याच्याकडे स्वतःचं डीएनए पॉलिमरेज (डीएनएची कॉपी काढणारं एन्झाइम) नाही, आपलं वापरावं लागतं, आणि तो ज्या वरच्या थरात कॉप्या काढतो तिथल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, म्हणून ई७ लावून त्यांना उठवायचं एवढाच हेतू. आणि नेहमी हे सगळं मापात असतं, कारण त्याचंच ई२ प्रोटीन ई६-ई७ला आवरून धरतं. बहुतेक इन्फेक्शन्स तर वर्षा-दोन वर्षांत शरीरच घालवून टाकतं. घोळ होतो तो इन्फेक्शन वर्षानुवर्षं राहिलं आणि व्हायरसचा डीएनए आपल्या क्रोमोसोममध्ये अडकला की, अडकताना तो गोल डीएनए बऱ्याचदा ई२च्या जागीच तुटतो. लगाम गेला, ई६-ई७ सुसाट. तिथून नवा व्हायरस काही बाहेर पडत नाही, त्याच्यासाठी तो रस्ताच बंद.

हीला पेशी आठवतात का, गर्भाशयमुखाच्याच कॅन्सरमधून घेतलेल्या, १९५१पासून लॅबमध्ये वाढतायत त्या? त्यांच्यात एचपीव्हीचा १८ नंबरचा प्रकार असाच अडकलेला आहे. २००० साली छापलेल्या एका प्रयोगात त्यांना ई२ परत दिलं, तर आरबी आणि पी५३ दोन्ही पुन्हा कामाला लागले आणि पेशी म्हाताऱ्या होऊन थांबल्या!! पन्नास वर्षं पळत होत्या तरी ब्रेक शाबूत होते, मला तर हे वाचून अंगावर काटा आलेला.

बार्शीकर
वरचं अर्धं डोक्यावरून गेलं पण आमच्या बाजूची एक गोष्ट सांगतो. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांवर मोठा अभ्यास झाला, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी केलेला, २००९ साली छापून आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा लायनर, पायडल सगळं ठीक, घरातल्या बायकांना टेस्टला पाठवा आणि पोरींना लस द्या, आता तर पुण्यात बनलेली सर्वाव्हॅक पण आहे, एचपीव्हीचे १६ आणि १८ नंबरचे दोन्ही प्रकार तिच्यात येतात.

मायक्रोवाली
काका लायनरवाल्या उदाहरणाने डोक्यात बसलं एकदम. पण मग एक शंका, व्हायरस नसतानाच आरबी गेलं असेल तरी पी१६ वाढायला पाहिजे ना?

स्लाइडकाका
शाब्बास. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये अगदी तसंच दिसतं, आरबीचं जीनच गेलेलं असतं, एचपीव्हीचा पत्ता नाही आणि पी१६ भरभरून. म्हणून नुसता तपकिरी रंग बघून एचपीव्ही म्हणायचं नाही, आधी ब्लॉक (स्लाइड ज्यातून कापतात तो मेणातला तुकडा) शरीराच्या कुठल्या भागातून आलाय ते बघायचं. आणि गर्भाशयमुखातसुद्धा सलग गडद रंग हवा, इथे थोडा तिथे थोडा असे ठिपके दिसले तर पॉझिटिव्ह धरत नाहीत. उद्या सरांना हेच विचार, बघ काय म्हणतात 😄