मान्यताप्राप्त युनियन नेमकी कुणाची?

संध्या_क
एका युनियनला मान्यता मिळाली की व्यवस्थापनाशी बोलायचा हक्क तिचाच. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात (एमआरटीयू-पीयूएलपी, म्हणजे युनियनना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा कायदा) त्यासाठी सहा महिने ३० टक्के सभासद असले की पुरे. उरलेल्या ७० टक्क्यांच्या वतीनेही सही तीच करते. मग त्यांचंही ऐकायला नको का? ऐकतात फक्त वर्गणीची पावती फाडणाऱ्याचं.

थर्डशिफ्ट
मग फाडा की पावती! गेट मीटिंग आम्ही घ्यायची, मेमो आणि सस्पेन्शन आम्ही खायचं, आणि करार झाला की थकबाकी सगळ्यांच्या खात्यात. आमच्याकडे एक महाशय होते. वर्गणीवाला दिसला की कँटीनच्या मागच्या दाराने पसार. नोटीस बोर्डावर पगारवाढीची यादी लागली की पहिलं बोट यांचंच. अशांना काय उत्तर द्यायचं?

संध्या_क
फुकट्यांचा राग कळतो. पण सभासद नसलेला प्रत्येक जण फुकटा नसतो. १९८२ चा गिरणी संप घ्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने त्यांची प्रातिनिधिक युनियन मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघच. ते काय वर्गणी वाचवत होते? त्यांना तो संघच नको होता.

थर्डशिफ्ट
आणि चार युनियनना टेबलावर बसवलं तर मालक काय करेल? एकीला आत बोलावून चहा पाजेल, बाकीच्या तिघी गेटवर घोषणा देत बसतील. एकच युनियन हवी ती यासाठी.

लेबरकोर्ट
तुमचं भांडण कायम कामगारांपुरतं चाललंय. त्याच १९७१ च्या कायद्याचं परिशिष्ट ४ काढा. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी येणारा) किंवा टेंपररी ठेवणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. छान. आता कलम २१ वाचा: मान्यताप्राप्त युनियन असेल तर ही तक्रार तिच्यामार्फतच चालवायची. युनियन नसेल तर तो स्वतः उभा राहू शकतो! म्हणजे कमिटीला कायमवाल्यांचा बोनस महत्त्वाचा वाटला, तर टेंपररीची फाईल पडून.

अमेरिकेत हा प्रश्न १९४४ मध्येच सुप्रीम कोर्टात गेला होता. रेल्वेतल्या कृष्णवर्णीय फायरमनना (इंजिनात कोळसा टाकणाऱ्यांना) युनियन सभासद करून घेत नव्हती, आणि त्यांच्याच वतीने त्यांना कामावरून हटवणारा करार मात्र करत होती. कोर्ट म्हणालं, सभासद करा न करा; सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क घेतलात तर भेदभाव चालणार नाही.

संध्या_क
हेच म्हणतेय मी. केंद्राच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने वाटाघाटी करायला ५१ टक्के ठेवलेत, तेवढे कुणाचेच नसतील तर २० टक्केवाल्यांची परिषद. आकडा सुधारला. पण माझ्या मते गुप्त मतदान हवं, सभासद असो नसो, सगळ्यांचं.

थर्डशिफ्ट
घ्या मतदान, आम्हाला भीती नाही. मात्र जो मत देईल त्याच्या पगारातून वाटाघाटींचा खर्च कापायचा.

संध्या_क
परस्पर पगारातून कापलंत, तर कमिटीवाला कामगारासमोर येईल कशाला? वर्गणी मागायला येतो तेव्हाच चार शिव्या तरी ऐकतो.

लेबरकोर्ट
कंत्राटी कामगाराला त्या मतदानात मत आहे का, ते सांगा आधी.

थर्डशिफ्ट
त्यांचा मालक ठेकेदार. आमच्या करारात कसे बसवणार? त्यांनी आपली युनियन काढावी.