किडनीच्या गाठीत इतक्या रक्तवाहिन्या कशामुळे?

सांजवारा: बाबांची उजवी किडनी काढली. बायोप्सीत 'क्लिअर सेल कार्सिनोमा' (किडनीचा कॅन्सर) आलंय. सर्जन म्हणाले, गाठीत रक्तवाहिन्या फार होत्या. व्हीएचएल जनुक बिघडलं की असं होतं म्हणे. पण ते तर ट्यूमर सप्रेसर ना, पेशींची वाढ रोखणारं? त्याचा रक्तवाहिन्यांशी काय संबंध?

स्लाइडवाली: मी पॅथॉलॉजीत आहे, अशा किडन्या आमच्या टेबलावर नेहमी येतात. गाठ कापली की आत पिवळीधमक, मध्येच रक्ताळलेली. पिवळेपणा चरबीचा. स्लाइड बनवताना ती विरघळून जाते, म्हणून पेशी रिकाम्या दिसतात. भोवती बारीक केशवाहिन्या, खुराड्याच्या जाळीसारख्या.

पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनत असतं. ऑक्सिजन पुरेसा असला की एक एन्झाइम त्यावर खूण करतं. व्हीएचएल जनुकाचं प्रथिन ती खूण ओळखून त्याला युबिक्विटिन, म्हणजे 'मोडीत काढा' अशी चिठ्ठी, चिकटवतं, की ते मोडीत निघालं. ऑक्सिजन कमी पडला तर खूणच होत नाही. एचआयएफ साठतं, व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन वाढतं आणि नव्या वाहिन्या फुटू लागतात. जखम भरताना हे हवंच असतं. क्लिअर सेलमध्ये मात्र बहुतेकदा व्हीएचएलच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात. मग ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरल्यागत वागते. २०१९ चं नोबेल याच ऑक्सिजन ओळखण्याच्या यंत्रणेसाठी होतं: केलिन, रॅटक्लिफ, सेमेन्झा.

शंकेखोर: म्हणजे आनुवंशिक? आणि पी५३ हे दुसरं ट्यूमर सप्रेसर पण हेच करतं का?

स्लाइडवाली: बहुतेकांत बिघाड फक्त गाठीतच असतो. तरुण वयात, दोन्ही किडन्यांत गाठी किंवा घरात कुणाला डोळ्याच्या पडद्यावर, लहान मेंदूत गाठी असतील, तर जेनेटिक समुपदेशन घ्याच.

पी५३ ची एक वाट निराळी. ते थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ नावाचं प्रथिन बनवायला लावतं आणि ते वाहिन्यांना आवर घालतं. ली-फ्रॉमेनी (जन्मतःच पी५३ बिघडलेल्या) कुटुंबांतल्या पेशींवर हे १९९४ मध्येच दिसलं होतं.

सांजवारा: पुढे गोळ्या लागल्या तर?

स्लाइडवाली: लागतील का, ते स्टेज बघून ऑन्कॉलॉजिस्टच सांगतील. सुनिटिनिब, पाझोपानिब या गोळ्या व्हीईजीएफ ज्यांना चिकटतं ते रिसेप्टर अडवतात. बीपी चढतं, घरी मोजत राहा. बेल्झुटिफान थेट एचआयएफ-२ ला धरतं. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याने हिमोग्लोबिन उतरतं, कारण तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिनही एचआयएफच्याच हुकमातलं.