मदत हवी आहे: आर्क फर्नेसमध्ये इटर्बियम उडून जातंय, १:२:२ ची शुद्ध फेज कशी मिळवू?

कलिना_लॅब
नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी इटर्बियम-तांबं-सिलिकॉन १:२:२ (अणूंचं प्रमाण) बनवतेय. पावडर एक्सआरडीवर (क्ष-किरण विवर्तन) रीटवेल्ड करून, म्हणजे मोजलेल्या आलेखाशी गणिती रचना जुळवून, रचना पक्की करायची आहे, पण शुद्ध फेज (एकाच स्फटिकरचनेचा पदार्थ) काही केल्या मिळत नाही.

पद्धत नेहमीचीच, विजेच्या ज्योतीवर (आर्क) वितळवायची. आर्गॉन भरायचा, आधी टायटॅनियमची गोळी वितळवून उरलासुरला ऑक्सिजन शोषून घ्यायचा, मग धातू वितळवायचे, बटण (वितळून झालेला गोळा) उलटून पुन्हा वितळवायचं. ल्युटेशियमचं १:२:२ असंच केलं, एकूण एक पीक जागेवर बसला. इटर्बियमला मात्र आर्क लागताच धूर उठतो, चेंबरच्या काचेवर थर धरतो, बटणाचं वजन घटतं. कारण उघड आहे: इटर्बियम ११९६ अंश सेल्सिअसला उकळतं आणि सिलिकॉन वितळायलाच १४१४ लागतात.

मुख्य फेज टेट्रागोनल (चौरस पायाची), थोरियम-क्रोमियम-सिलिकॉन १:२:२ च्या धाटणीची, युनिट सेलच्या (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सर्वात लहान घटक) बाजू ए ३.९२ आणि सी ९.९९ अँगस्ट्रॉमच्या आसपास. शिवाय विवर्तनाच्या २८.४ आणि २९.६ अंशांच्या कोनांना दोन उपरे पीक (क्ष-किरण तांब्याचे के-अल्फा). क्वार्ट्झ नळीत सील करून अॅनीलिंग केलं (बराच वेळ तापवून ठेवलं), तरी ते गेले नाहीत.

ल्युटेशियमवर प्रोजेक्ट संपवता येईल, पण मला इटर्बियमच बघायचं आहे. त्याची व्हॅलन्स (संयुजा) इथे २ आणि ३ च्या मधे असते आणि त्याचा परिणाम युनिट सेलच्या आकारमानावर दिसतो. इटर्बियमच कमी पडलं असेल तर त्या आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा? जास्तीचं घालावं का, किती? की टँटलमच्या नळीत सील करू? ग्लोव्हबॉक्स (हवाबंद पेटी) नाही, आणि मुंबईतली जुलैची दमट हवा तुम्हाला माहीतच आहे.

चेंबूरकर
दोन पीक, दोन वेगळी दुखणी. २८.४ हा सिलिकॉनचा १११ (स्फटिकातल्या पातळीचा क्रमांक): इटर्बियम उडालं आणि सिलिकॉन उरलं. २९.६ हा इटर्बियम ऑक्साइडचा २२२, तो अॅनीलिंगने जाणार नाही. धातूचा अखंड तुकडाच घ्या, कीस नको, आणि वितळवण्याच्या अगदी आधी कानशीने घासून चकचकीत करा.

टँटलम इथे टाळा, सिलिकॉन असलेला रस त्याला खातो. आधी फक्त तांबं-सिलिकॉन वितळवून घ्या (त्यांचं युटेक्टिक, म्हणजे सर्वात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, ८०२ अंशांना आहे), मग कमी करंटवर इटर्बियम घाला. किती जास्त, ते वजनावर ठरवा: आलेली घट इटर्बियमची धरून तेवढं भरून काढा.

उपऱ्या पीकांचा छडा लावताय हे फार चांगलं. कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये इट्रियम-निकेल-बोरॉनच्या नमुन्यात १२ केल्विनजवळ दिसलेली सुपरकंडक्टिव्हिटी (अतिवाहकता) अशाच अल्प प्रमाणातल्या फेजची होती. त्यातला कार्बन ओळखला गेला आणि १९९४ मध्ये बोरोकार्बाइड (बोरॉन आणि कार्बन असलेले) सुपरकंडक्टर जगासमोर आले.

माटुंगा_मेटल
ताई, आर्क सोडून कथलाचा फ्लक्स (वितळलेल्या कथलात बाकीचे धातू विरघळवून क्रिस्टल वाढवणं) बघा. अॅल्युमिना क्रुसिबल, सील केलेली क्वार्ट्झ नळी, सावकाश थंड करणं. कथलात विरघळलेलं इटर्बियम इतकं उडत नाही, वर सिंगल क्रिस्टल मिळतात. कथील २३२ लाच वितळतं, त्यामुळे गरम असतानाच सेंट्रिफ्यूज करून वेगळं काढता येतं.

कलिना_लॅब
दोघांचेही मनापासून आभार! क्रिस्टलवर कथील राहिलं तर एक्सआरडीत कसं ओळखू?

माटुंगा_मेटल
३०.६ बघा. कथलाचा ३२.० चा पीक तुमच्या ११० ला, म्हणजे ३२.३ ला खेटतो, त्याच्यावर विसंबू नका. ३०.६ दिसलाच तर सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये थोडा वेळच ठेवा.