आधी थंड, की आधी क्षेत्र?

जस्त मिसळलं की लोह फ्लोराइडचं नील तापमान (ज्याच्या खाली लोहाच्या शेजारी अणूंची चुंबकत्वं एकमेकांच्या उलट दिशेने लागतात ते तापमान; शुद्ध स्फटिकात सुमारे ७८ केल्विन) खाली येतं, बाकी फारसं काही बदलत नाही, असं कुणी म्हणेल; पण ते बाहेरचं चुंबकीय क्षेत्र शून्य असेपर्यंतच खरं. क्षेत्र लावा, मग बघा! जस्ताचे अणू कुठेही बसतात, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात एका उपजालकातले (एकाच दिशेने चुंबकत्व असलेल्या गटातले) लोहाचे अणू चार-दोन जास्त उरतात आणि क्षेत्र त्यांची बाजू घेतं. शेजारी नेमकं उलटं. फिशमन आणि अहारोनी यांनी १९७९ मध्ये दाखवलेलं यादृच्छिक (जागोजागी कशीही दिशा बदलणारं) क्षेत्र ते हेच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. निम्म्याच्या आसपास जस्त असलेला स्फटिक आधी थंड करून मग क्षेत्र लावलं, तर न्यूट्रॉन विवर्तनाचं शिखर (चुंबकीय मांडणी किती दूरवर एकसंध आहे ते त्यावरून कळतं) टोकदार राहतं. क्षेत्रातच थंड केला, तर तेच शिखर पसरट होतं, कारण स्फटिक छोट्या छोट्या डोमेनमध्ये, म्हणजे आतून एकसंध मांडणीच्या तुकड्यांमध्ये, अडकून बसतो.