पेडल थरथरते म्हणून डिस्क लेथवर पाठवणे कितपत योग्य?

घाटउतार:
ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली लयीत वरखाली होऊ लागले की गॅरेजमध्ये दोन वाक्ये ऐकू येतात: 'डिस्क वाकडी झाली' आणि 'लेथवर मारून आणू', म्हणजे कातकामाच्या यंत्रावर तिचा पृष्ठभाग छिलून सपाट करून आणू. माझ्या मते पहिले वाक्य बहुतेक वेळा चुकीचे आणि दुसरे बहुतेक वेळा घाईचे असते. रोजच्या वापरात डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची चकती, सहसा वाकत नाही. परिघावर तिची जाडी ठिकठिकाणी कमीजास्त होते. जाड भाग तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडमधून जाताना पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइल पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे परत रेटले जाते आणि तो धक्का पायाला जाणवतो. त्यासाठी ०.०२ मिमीचा फरकही पुरतो.

हा फरक येतो कुठून, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. डिस्क ज्या हबवर बसते त्याच्या तोंडावर गंजाची पापडी असली की डिस्क किंचित तिरकी बसते, आणि हबवरची ०.०२ मिमीची चूक डिस्कच्या कडेजवळ जवळजवळ दुप्पट होते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेरीत डिस्कचा ठरावीक भाग पॅडला चाटून जातो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी घटते. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट कमीजास्त आवळले तरी परिणाम हाच. अशी डिस्क घासून आणून त्याच गंजलेल्या हबवर चढवली, तर थरथर काही महिन्यांत परत येणार. म्हणून डायल गेजने फिरतानाचा हेलकावा आणि मायक्रोमीटरने जाडी मोजल्याशिवाय डिस्क लेथवर पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टर्नर_कोल्हापूर:
कारणमीमांसा मान्य आहे, निष्कर्ष नाही. जाडीतला फरक एकदा निर्माण झाला की हब कितीही घासला तरी तो नाहीसा होत नाही. धातू काढावा लागतो, नाही तर डिस्क बदलावी लागते. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. समजा डिस्क नवी असताना २० मिमी होती आणि तिच्यावर १८ लिहिले आहे, तर १९.५ मिमीची डिस्क भंगारात टाकणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. दोन्ही बाजूंनी हलका कट घेतला आणि डिस्क लेथवर तिच्या मूळ बैठकीच्या तोंडावरच धरली, तर काम चोख होते. लेथची जी बदनामी झाली आहे ती तीन जबड्यांच्या चकमध्ये डिस्क कशीही आवळणाऱ्यांमुळे.

तळकोकणी:
आपण दोघेही पुढच्या चाकांपासूनच सुरुवात करत आहात. स्टिअरिंगही सोबत हलत असेल तर दोष बहुधा पुढे असतो. केवळ सीट आणि पेडल हलत असेल तर मागच्या चाकांचे ड्रम, म्हणजे ज्यांना आतून ब्रेक लागतो ते गोल डबे, तपासावेत. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात, बटण दाबून धरून, हँडब्रेक हळूहळू ओढावा. तेव्हाही गाडी लयीत थरथरली तर ड्रम अंडाकृती झाला आहे आणि पुढच्या डिस्कचा काही संबंध नाही. शिवाय एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. ओल्या किंवा वाळूच्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल भराभर खडखडते, तो दोष नव्हे. पण कोरड्या रस्त्यावर अगदी थांबता थांबता पेडल लाथ मारत असेल, तर एबीएसला चाकाचा वेग कळवणाऱ्या सेन्सरची दातेरी रिंग गंजलेली असू शकते. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत याची शक्यता जास्तच.

पुढचे_चाक:
टर्नरसाहेबांशी माझा मूलभूत मतभेद आहे. डिस्क अतिशय तापली, म्हणजे साधारण ६५० अंशांच्या वर गेली, की पॅडचा थर चिकटलेल्या जागी बिडाची घडणच बदलते आणि तिथे कठीण ठिपके तयार होतात. लेथचे टूल त्या ठिपक्यांवरून उसळते. वरून पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण आजूबाजूचा मऊ भाग लवकर झिजून ठिपका पुन्हा वर येतो. त्यात घासलेली डिस्क पातळ, म्हणजे उष्णता साठवायला वस्तुमान कमी. जिथे आधीच ब्रेक तापतात त्या घाटात हे परवडत नाही. नव्या डिस्क घ्याव्यात, दोन्ही बाजूंच्या एकदम घ्याव्यात आणि सोबत पॅडही नवे टाकावेत.

टर्नर_कोल्हापूर:
अति तापल्याने निळे डाग पडलेली डिस्क मी स्वतःच परत पाठवतो, त्यामुळे तो मुद्दा माझ्या विरोधात जात नाही. पण थरथरणारी प्रत्येक डिस्क ६५० अंशांपर्यंत तापलेली असते, असे गृहीत धरणे हेही न मोजता केलेले निदानच झाले. पाव मिमी धातू काढल्याने ब्रेक निकामी होत असते, तर कारखान्यांनी किमान जाडीचा आकडा दिलाच नसता.

घाटउतार:
आकडा दिला आहे तो झिजेसाठी. किमान जाडीच्या अगदी जवळ घासून दिलेली डिस्क पुढचे पॅड संपायच्या आत त्या आकड्याखाली जाते, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

पुढचे_चाक यांनी घाटाचा विषय काढलाच आहे, तर चालवणाऱ्याचाही वाटा सांगतो. कुंभार्ली घाट चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर उतरायचा आणि खाली पोफळीला चहासाठी थांबून पेडल दाबून धरायचे, म्हणजे तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटवून घेणे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर उतरावे, सपाट जागी थांबल्यावर पाय काढावा आणि इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढला तर तळकोकणी यांनी सांगितलेला अंडाकृती ड्रम तयार होतो.

आणि डिस्क नवी असो वा घासलेली, बसवण्याआधी हबचे तोंड तारेच्या ब्रशने उजळवून कडेपासून १० मिमी आत डायल गेज लावावा. फिरताना ०.०५ मिमीपेक्षा जास्त हेलकावा दिसला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजावे. पुष्कळदा हबची चूक आणि डिस्कची चूक एकमेकींना छेदतात आणि आकडा खाली येतो. नट फुलीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आणि पुस्तिकेतल्या आकड्याला आवळावेत. नंतर साठच्या वेगावरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक मारला की पॅडचा थर सारखा बसतो.

टर्नर_कोल्हापूर:
हे सगळे गॅरेजमध्ये व्हायचे काम आहे. माझ्याकडे फक्त सुटी डिस्क येते, गाडी येत नाही. गॅरेजवाल्यांनी डिस्कवर खडूने तिची हबवरची जागा खुणावून, सोबत हबचे रीडिंग चिठ्ठीवर लिहून पाठवले, तर कट घ्यायचा की डिस्क नाकारायची हे मला सांगता येईल. आजवर अशी चिठ्ठी घेऊन कुणी आलेले नाही.