सुके बोंबील, रात्रपाळी आणि माझे ‘चालेल’

मासुंदाकाठ (प्रश्न):
आम्ही दोन वर्षांपासून एकत्र आहोत आणि लग्नाला दोन्ही घरांची संमती आहे. मी नौपाड्यातील शाकाहारी घरात वाढले, सकाळच्या सत्रातील शाळेत शिकवते आणि रात्री दहानंतर माझे डोळे उघडे राहत नाहीत. तो ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातला. अमेरिकेतील ग्राहकांच्या कामामुळे संध्याकाळी साडेसहाला कामाला बसतो आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे तासभर मागे गेली की त्याची पाळीही साडेसातला सुरू होते. ठाण्याहून वाशीच्या लोकलने दिघा गाव आणि मग ऐरोली, एवढेच आमच्यातले अंतर. तरी दोघेही पूर्ण जागे असताना भेट होते ती रविवारीच.

गेल्या महिन्यात भाड्याचे घर पाहताना त्याने सहज विचारले, “इथे सुके बोंबील भाजले तर तुला चालेल ना?” मी सवयीने “चालेल” म्हणून गेले. खरे सांगायचे तर बंद घरात तो वास मला सहन होणार नाही. आता शब्द फिरवला तर त्याला तो आपल्या घराचा, आईच्या हातचा अपमान वाटेल, अशी भीती वाटते. हा विषय कसा काढावा?

कोपरखैरणेकर:
माझी परिस्थिती अगदी हीच होती; लग्नाला आता 19 वर्षे झाली. ‘मला मासे आवडत नाहीत’ असे मोघम बोलू नका, कारण त्यावर समोरच्याने करायचे काय? काय चालेल आणि काय नाही, ते नेमके सांगा. आमच्याकडे ताजी मासळी घरात शिजते, तिचा तवा आणि सुरी वेगळी असते. सुके मासे भाजायचे ते मात्र सासूबाईंच्या अंगणात. आमचे भांडण झाले ते तवा कोणी घासायचा यावरून, तेव्हा तेही आधीच ठरवून घ्या.

रातपाळीवाला:
मी स्वतः नऊ वर्षे रात्री काम करतो, म्हणून वेळेबद्दल सांगतो. तुमचा सकाळी सहाचा ‘बोलायचे आहे’ हा निरोप त्याला नुकताच डोळा लागत असताना मिळतो आणि मग दुपारपर्यंत तो मनात नाही नाही ते रचत पडून राहतो. शनिवारी तो आठवड्याची झोप भरून काढत असेल. रविवारी संध्याकाळी, पोटात काही गेल्यावर बोला आणि विषय स्वयंपाकघराचा आहे, हे आधीच सांगून टाका. तलावपाळी मात्र टाळा. रविवारच्या त्या गर्दीत धड भांडताही येत नाही.

घोडबंदरचा प्रवासी:
वरचे दोन्ही सल्ले उपयोगी आहेत, पण वेगळा तवा आणल्याने तुमचे ‘चालेल’ म्हणणे थांबणार नाही. ऐरोलीत राहायचे की ठाण्यात, पैसे कसे साठवायचे, सणाला कोणाकडे जायचे, या सगळ्याला तुम्ही याच शब्दाने होकार दिला आहे का, हे एकदा आठवून पाहा. आणि आठवड्याचे सातही दिवस भाजी-भाकरी त्याला चालेल का, हे तुम्ही त्याला कधी विचारले आहे?

मासुंदाकाठ:
विचारले नव्हते. काल संध्याकाळी उपवनला बसून बोललो. बोंबलांचा विषय पाच मिनिटांत मिटला, कारण बंद सदनिकेत ते भाजणे त्यालाही नको होते. शेजारी तक्रार करतील म्हणून तो आधीच धास्तावला होता आणि माझ्या होकाराने उलट अडचणीत आला होता. त्याच्या मनात होता माझा मिक्सर. त्याचा डोळा लागून तासभरही झालेला नसताना, पहाटे साडेपाचला, मी डब्यासाठी चटणी वाटणार, ही धास्ती त्याने वर्षभर बोलून दाखवली नव्हती. चटणी रात्रीच वाटून ठेवावी, असे त्याचे म्हणणे आहे. मी या वेळी “चालेल” म्हटले नाही, कारण ओल्या नारळाची चटणी मला ताजीच लागते. तिथे आमचे अडले आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.